रामीच्या वारेचा नखाएवढा तुकडा

लोक पालघरच्या किनाऱ्यावर वारा खायला जातात. मी वार आणायला गेले होते. बाळंतपणात मूल जन्मल्यावर मागून जी पडते ती वार. कराडला घरी हे सांगितलं तेव्हा भाकरी थापणाऱ्या आईचा हात थांबला.

"आणि तिचं काय करणार?"

"बघणार."

"इतकं शिकून हे?" एवढंच म्हणून ती पुन्हा भाकरी थापू लागली.

तिला समजावून सांगायला मला जमलं नव्हतं, म्हणून इथे सांगते. आपल्या शरीरात जंतू किंवा त्याचं विष शिरलं, किंवा लस टोचली, की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात. प्रतिपिंडाचा आकार गलोलीच्या बेचक्यासारखा असतो. वरच्या दोन फांद्या शत्रूला धरतात. खाली राहतो तो दांडा. मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेचं सगळं काम या दांड्याभोवती चाललेलं होतं. शरीरातल्या कितीतरी पेशींच्या अंगावर हा दांडा बरोबर पकडणारे ग्राही असतात. जंतू गिळणाऱ्या पेशी अशा ग्राहींनी दांडा धरतात आणि बेचक्यात अडकलेल्या शत्रूसकट सगळं पोटात घेतात. वारेतल्या पेशींवरही असे ग्राही असतात, पण ते गिळत नाहीत. आईच्या रक्तातला प्रतिपिंड उचलून ते बाळाच्या रक्तात नेऊन सोडतात. हे नेमकं कसं घडतं ते जगभर नुकतं कुठे उलगडू लागलं होतं. नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो. त्यासाठी ताजी वार हवी होती, आणि अशा आयांची हवी होती ज्यांना गरोदरपणात धनुर्वाताची लस दिलेली आहे. ओळखीतून पालघर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राचं नाव मिळालं आणि जानेवारीच्या अखेरीस मी निघाले.

पालघर, पहिला दिवस

केंद्रातल्या शालिनी सिस्टर पंचेचाळिशीच्या, सावळ्या, चालताना पुढे झुकणाऱ्या. माझ्या हातातला बर्फाचा डबा बघून त्यांनी आधी झाकण उघडलं. आत पाणी होतं.

"हे तर वितळलं."

"तुमच्याकडे फ्रिज आहे ना?"

"आहे. लाइट नाही. कालपासून."

मुंबईहून निघताना मी नळ्या मोजल्या होत्या, लेबलं लिहिली होती, रबरी हातमोजे दोन-दोनदा तपासले होते. बर्फ वाटेत वितळेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बर्फानं माझीपण एकदा फजिती केलीय. सांगेन कधी. उद्या सकाळी सातपाटीला जा. तिथे बर्फाला तोटा नाही."

केंद्रात राहायची सोय नव्हती, म्हणून माझी खोली बोईसरला होती, कारखान्यांतल्या कामगारांच्या वस्तीला लागून. खाली खानावळ. भोवती सगळी हिंदी. वाढणारा माझ्या डब्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, डब्बे में मछली है क्या?" मी म्हटलं, अजून काहीच नाही. बिहारहून आलेला एक माणूस समोर बसून तांदळाची भाकरी मोठ्या कुतूहलानं मोडत होता. मीही तेच करत होते. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या हाताला ती पांढरी, मऊ भाकरी काही केल्या भाकरी वाटेना. सोबतच्या सुकटीच्या चटणीनं मात्र डोळ्यांतून पाणी काढलं आणि मी आणखी मागून घेतली.

सातपाटी

सकाळी बंदरावर पोचले तेव्हा बोटी लागत होत्या. एवढ्या बोटी एका जागी मी कधी पाहिल्या नव्हत्या. पाट्या डोक्यावर घेतलेल्या बाया घोटाभर चिखलातून अशा चालत होत्या की पाटीतलं पाणीही हिंदकळत नव्हतं. वाळूवर मांडवांच्या दोऱ्यांना बोंबील लटकत होते, नजर पोचेल तिथवर, आणि त्यांतून ऊन गाळून येत होतं.

बर्फाच्या कारखान्याबाहेर एक उंच बाई लाकडी मोगरीनं लादी फोडत होती. मी डबा पुढे केला.

"किती पायजे गो?"

"हा भरेल एवढा. पण स्वच्छ हवा."

तिनं मोगरी खाली ठेवली. "सवच्छ म्हणजे? आमी काय घाण बरफ घालतो मावऱ्याला?"

मासळीला ती मावरा म्हणत होती. मी घाईघाईनं बर्फ कशासाठी हवा ते सांगितलं. वार हा शब्द ऐकल्यावर तिनं दुसऱ्या दोघींना हाक मारली आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. आईच्या अंगातली ताकद वारेतून पोराला कशी जाते ते बघायचंय, असं मी सांगितलं. तिघी ऐकत होत्या. कोणी तोंडाला पदर लावला नाही, कोणी नाक मुरडलं नाही.

"मंग बारीक नको," पहिली म्हणाली. "बारीक लवकर इरतो. मोठे खडे घे, वर भुसा टाक, त्याच्यावर गोणपाट. मावरा दोन दिस ऱ्हातो आमचा. तुजी वार नाय ऱ्हानार?"

बर्फ कसा भरायचा हे मला प्रयोगशाळेत कोणी शिकवलं नव्हतं. तिनं स्वतः डबा भरून दिला.

पाड्यावर

तिसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात चहा घेत असताना जान्या नावाचा तरुण सायकल टाकून आत आला. त्याची बायको, रामी, पहाटेपासून अडली होती. सिस्टरांनी कप तसाच ठेवला.

केंद्राची जीप मनोरच्या रस्त्यानं निघाली तेव्हा त्यांनी मला रामीचं सगळं सांगितलं. मागच्या साली तिला मुलगा झाला. सहाव्या दिवशी त्यानं दूध ओढायचं सोडलं, सातव्या दिवशी अंग लाकडासारखं ताठ झालं, आठव्या दिवशी गेला. नवजात बाळाचा धनुर्वात. नाळ कापताना जंतू शिरतात आणि त्यांचं विष नसांत भिनतं. या खेपेला सिस्टरांनी तिला पहिली लस पावसाळा सरताना दिली. दुसरीची वेळ आली तेव्हा घर बंद. सगळे बोईसरजवळच्या वीटभट्टीवर गेलेले.

"मग मी भट्टीवर गेले. ऊन मरणाचं. दिवसभर भट्ट्यांवर फिरले, आणि ही सापडली तेव्हा थर्मास उघडते तर बर्फाचं पाणी झालेलं. पाणीसुद्धा गरम. काय करणार? टोचलं. तिच्या कार्डावर खूण केली. आता बाळंतपणाला ती पाड्यावर परत आलीय." त्यांनी बाहेर बघितलं. "ती खूण मला आजपर्यंत छळते. लस चांगली होती की मेलेली, देव जाणे."

मी म्हटलं, "ही लस थोडी उष्णता सोसते, सिस्टर."

"थोडी," त्या म्हणाल्या.

जीप थांबली तिथून शेताच्या बांधांवरून अर्धा तास चालायचं होतं. भातकापणी झालेली खाचरं कोरडी पडली होती, मागे निळसर डोंगर, आणि त्यावरून नुकतंच खाली उतरलेलं ऊन. कुडाच्या घराशी पोचलो तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. बारीक, रागीट. सिस्टर दारातच क्षणभर थांबल्या आणि मग वाकून आत शिरल्या.

मूल झालं होतं. मुलगा. पाड्यावरची सुईण नवसूबाय त्याला पुसत होती. नाळ कापलेली होती, आणि तिच्या गुडघ्याशी बांबूची धारदार कपची पडली होती. नाळेच्या टोकावर राख.

"नवसूबाय!" सिस्टरांचा आवाज चिरकला. "मी बलेड, दोरा दिला होता ना? पुडीत बांधून?"

"दिला व्हता. वर आढ्याला खोचलाय." म्हातारी शांत होती, पण तिचे हात थांबले होते. "पोर एकदम आलं, बाय. वार बी लगोलग. पुडी काढू का पोर धरू?"

सिस्टर लगेच खाली बसल्या. त्यांनी राख पुसली, नाळ धुतली, औषध लावलं, नव्यानं बांधली. हे सगळं करताना त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. हे मूल आता कशाच्या भरवशावर होतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. आईनं आतल्या आत जे काही दिलं असेल त्याच्या.

बाळाला टोचायचं प्रतिविष, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषध, केंद्रात नव्हतं. ठाण्याहून मागवलं तर केव्हा येईल सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, मुंबईहून मी आणते. आणि त्याहून महत्त्वाचं, मी नाळेतलं रक्त तपासते. त्यात प्रतिपिंड किती आहेत ते दोन दिवसांत कळेल.

वारेला जोडून राहिलेल्या नाळेतून रक्ताची नळी भरली. रामीच्या हातातूनही घेतलं. मग मी वार मागितली. सगळी नको, नखाएवढा तुकडा.

नवसूबायनं वार ठेवलेलं मडकं मागे ओढलं. "नाय. वार पोराच्या जोडीची. अख्खी पुरायची, दाराशी. तोडून देत नाय कोण."

माझ्याही घरी नाळ पुरतात, आणि कोणी तिचा तुकडा मागितला असता तर आईनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. मी डब्याचं झाकण लावू लागले.

तेव्हा रामी पहिल्यांदा बोलली. भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे पडलेले, मनगटं इतकी बारीक की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"मागच्याची अख्खी पुरलीव," ती म्हणाली. "तरी गेला. द्या तिला."

मग नवसूबायनं मडकं पुढे सरकवलं. मी तुकडा घेतला, तिनं स्वतः बाकीची वार पानांत गुंडाळली आणि बाहेर गेली. खड्डा खणल्याचे आवाज मला आत ऐकू येत होते.

मुंबईत दोन दिवस

प्रवासवर्णनात परत फिरण्याला जागा नसते, पण या प्रवासातलं सगळ्यांत दूरचं ठिकाण मी तिथेच पाहिलं, म्हणून सांगते.

सातपाटीचा बर्फ प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निम्मासुद्धा वितळला नव्हता. सहकारी विचारत राहिले, हा बोंबलांचा वास कुठून येतोय.

दुसऱ्या दिवशी रक्ताची चाचणी लावली. छोट्या खळग्यांच्या तबकडीत धनुर्वाताच्या विषाविरुद्धचे प्रतिपिंड असतील तर पिवळा रंग उतरतो. जितके जास्त, तितका गडद. एका ओळीत रामीचं रक्त, खालच्या ओळीत बाळाच्या नाळेतलं. रंगाचं रसायन घातलं आणि घड्याळाकडे बघत बसले. प्रत्येक मिनिटाला मान वळत होती.

रामीच्या ओळीत रंग आला. चांगला, स्वच्छ पिवळा. शालिनी सिस्टरांनी गरम पाण्यातून काढून टोचलेली ती लस जिवंत होती! आणि मग खालची ओळ चढू लागली. ती वरच्या ओळीजवळ आली, तिच्याएवढी झाली, आणि थांबली नाही. बाळाच्या रक्ताचा रंग आईच्या रक्ताहून गडद झाला.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. दिवस भरलेल्या बाळाच्या रक्तात पुष्कळदा आईपेक्षा जास्त प्रतिपिंड सापडतात, कारण ते आपोआप झिरपत नाहीत, ग्राही त्यांना दांडा धरधरून उचलून नेतात, जिथे कमी आहे तिथून जिथे जास्त आहे तिकडेही. परीक्षेत लिहिलं होतं, वर्गात शिकवलंही होतं. पण आता त्या बारीक मनगटांची बाई डोळ्यांसमोर आली. भट्टीवर विटा वाहणारी, पोटभर न जेवलेली ती बाई. तिनं पोराला जे दिलं ते तिच्या स्वतःजवळ होतं त्याहून जास्त होतं. आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

त्याच्या पुढच्या दिवशी वारेच्या तुकड्याचे पातळ काप केले. प्रतिपिंड जिथे असतील तिथे हिरवी चमक दिसावी असा रंग त्यांना दिला, खोलीतले दिवे मालवले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता काळोख. स्क्रू फिरवला तशा बोटांसारख्या असंख्य फांद्या समोर आल्या. वारेच्या या फांद्या आईच्या रक्तात बुडालेल्या असतात. प्रत्येक फांदीच्या कडेनं हिरवी रेघ पेटलेली होती. रेघेच्या आत बारीक ठिपके, पेशींच्या पोटात, वाटेत असलेले. मूल जन्माला आलं तेव्हाही काम चालूच होतं. शेवटच्या घटकेपर्यंत ग्राही धरत होते, नेत होते, सोडत होते, आणि पुढचा धरायला परत येत होते. आईच्या रक्तात हजार गोष्टी वाहतात. त्यांतून हे नेमके प्रतिपिंडच उचलायचे हे त्या पेशींना कोण सांगतं? मला सांगता आलं असतं: आकार जुळतो म्हणून. तरी त्या अंधारात ते उत्तर मला फार लहान वाटलं.

पुन्हा पाडा

बाळ चार दिवसांचं झालं त्या दिवशी मी परतले. मिळालेली प्रतिविषाची एक कुपीही आणली होती. केंद्रातल्या डॉक्टरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "एवढे प्रतिपिंड असताना याची गरज नाही. जवळ राहू दे. लक्ष ठेवू." सिस्टरांनी कागद हातात घेऊन आकडे पुन्हा वाचले.

"म्हणजे ती लस..."

"चांगली होती."

त्यांनी तोंड फिरवलं आणि उगाचच कपाटातल्या बाटल्या नीट लावू लागल्या.

पाचव्या दिवशी पाड्यावर पाचवी पुजली. आमच्याकडेही पुजतात, पण आमच्याकडे पाटा-वरवंटा, कोरा कागद, लेखणी, आणि भटजींना विचारून वेळ. इथे पूजा नवसूबायची. तांदळाचे पुंजके मांडले, दिवा लावला आणि खालच्या सुरात काहीतरी म्हणत राहिली. मला पानावर गोड भात मिळाला. इतक्या साध्या मांडणीपुढे माझे हात आपोआप जोडले गेले.

सहाव्या दिवशी दुपारी जान्या पुन्हा केंद्रात आला. या वेळी सायकल त्यानं टाकली नाही, धरूनच उभा राहिला.

"दूध वढत नाय," तो म्हणाला.

त्या अर्ध्या तासाच्या वाटेवर मी मनातल्या मनात ती पिवळी तबकडी शंभरदा पाहिली. कुठे चूक झाली असेल? नळ्यांची अदलाबदल? रसायन जुनं? सिस्टर पुढे जवळजवळ पळत होत्या.

रामी मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. मागच्या खेपेला काय काय झालं होतं ते सगळं तिला पाठ होतं आणि ती पुढच्याची वाट बघत होती. नवसूबाय तिच्या पाठीला टेकून बसली होती.

सिस्टरांनी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि करंगळी बाळाच्या ओठांत घातली. धनुर्वातात जबडा पहिल्यांदा मिटतो. सिस्टरांचा चेहरा हलेना. मग त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ओढतोय," त्या म्हणाल्या. "अगं, चांगला जोरात ओढतोय!"

बाळानं करंगळी चोखली, मग एकदम सोडून दिली आणि तोंड वासून श्वास घेतला. नाक! नाक गच्च भरलं होतं. थंडीत दार लावून घरात चूल पेटत होती. श्वास घेऊ की दूध पिऊ, अशी त्याची गत झाली होती. सिस्टरांनी कोमट मिठाच्या पाण्याचे दोन थेंब नाकात सोडले, कापसाच्या वातीनं नाक साफ केलं. बाळ शिंकलं, लाल झालं, किंचाळलं. रामीनं त्याला छातीशी धरलं आणि तो पिऊ लागला. गटागट. त्या लहानशा घरात दुसरा आवाजच नव्हता.

तेव्हा मात्र रामी रडली. नवसूबायही. जान्या बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

धोक्याचे दिवस अजून सरले नव्हते. सातव्या दिवशी आम्ही बोईसरजवळच्या भट्टीवर गेलो, सातपाटीच्या बर्फात ठेवलेली लस घेऊन. टोचणीच्या भीतीनं पाण्याच्या टाकीमागे लपलेल्या बायांना सिस्टरांनी एकेक करून बाहेर काढलं. आठवा दिवस गेला. नववा गेला. एका संध्याकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन बसले, पण समुद्राकडे बघताना डोळ्यांपुढे त्या हिरव्या कडाच यायच्या.

निघताना

परतायच्या आदल्या दिवशी बाळ दोन आठवड्यांचं होऊ घातलं होतं. नाळ गळून बेंबी कोरडी झालेली. रामी अंगणात उन्हात बसून त्याला तेल लावत होती. मी तिला पहिल्यांदाच सगळं सविस्तर सांगितलं. तिच्या रक्तात काय तयार झालं, ते वारेनं कसं उचलून पलीकडे नेलं, पोराच्या अंगात ते तिच्यापेक्षाही जास्त कसं निघालं. हिरव्या रेघांबद्दलही सांगितलं. नवसूबाय दाराशी बसून ऐकत होती.

"मी दिलं?" रामीनं विचारलं.

"तूच. दुसरं कोण देणार?"

तिनं आपल्या हातांकडे बघितलं, तेलानं चकचकणाऱ्या.

"आणि ते किती दिस ऱ्हातं त्याच्या अंगात?"

"पाच-सहा महिने. हळूहळू कमी होत जातं. तोवर सिस्टर त्याला लस देतील, आणि तो स्वतःचं स्वतः तयार करायला लागेल. म्हणून भट्टीवर गेलात तरी त्याची टोचणी चुकवू नका."

रामी बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागली. एकदा चुकली, पुन्हा मोजले. नवसूबायनं खाचरांकडे बघत तिच्यासाठी उत्तर दिलं.

"आवणीला," ती म्हणाली. "रोप उपटून खाचरात लावतो ना आमी, तवा."

रामीनं मान हलवली. मग मुलाला उताणं करून दोन्ही हातांवर उचललं, उन्हात धरलं आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "तवर माजं ऱ्हाऊ दे तुज्यापाशी."